बळदात ठेवलेली भांडी

आबांच्या चौदाव्याचं जेवण उरकलं आणि महिन्याच्या आत दादानं जुनं घर पाडायला काढलं. आमचं गाव बेंबळीच्या पलीकडं, फाट्यावर उतरून चालत अर्ध्या तासावर. घर म्हणजे धाब्याच्या चार खोल्या, मागं लहानसं परस आणि परसाला दगडाची, पुरुषभर उंचीची भिंत. दादाचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आढ्याला वाळवी लागली होती आणि येणाऱ्या सुनेला त्या घरात आणायची त्याला लाज वाटत होती.

"आईची काही भांडीकुंडी पायजे असली तर ये," तो फोनवर म्हणाला. "न्हायतर समदं मोडीत चाललंय."

मी उमरग्याला असते. हायवेच्या कडेला एका दवाखान्यात रक्त-लघवी तपासायच्या खोलीत माझी निम्म्याहून जास्त हयात गेली. सुट्टीच्या दिवशी मी गावी पोचले तेव्हा बळद फोडून झालं होतं. बळद म्हणजे धान्य साठवायला घराच्या आतच बांधलेली अंधारी कोठी. वरून एक माणूस कसाबसा उतरेल एवढंच तिचं तोंड. आमच्या बळदात धान्य ठेवणं कधीच बंद झालं होतं. तरी आबा वर्षातून एकदा त्यात उतरायचे, ते मला लहानपणापासून माहीत होतं.

दिवाळी झाली की गावात कल्हईवाला यायचा. मारुतीच्या देवळापाशी खड्डा करून भाता लावायचा. आई पितळेची पातेली घेऊन जायची आणि आबा बळदातून पाच भांडी वर काढायचे. एक मोठी देग, दोन पातेली, एक तोटीचा लोटा आणि एक पानदान. सगळी तांब्याची. ते स्वतः कल्हईवाल्याशेजारी उकिडवे बसून आतून कल्हई करून घ्यायचे, बाहेरून चिंच-राखेनं घासायचे आणि पोत्यात गुंडाळून पुन्हा बळदात उतरवायचे. त्या भांड्यांत कधी काही शिजलेलं मी पाहिलं नाही.

आई वैतागायची. "वापरायची न्हाईत तर कल्हई कशापायी?"

"ठेवलेली हायती ती," एवढंच आबा म्हणायचे.

ठेवलेली म्हणजे जपून ठेवलेली, असं आम्ही समजत आलो. घरात चांगलं काही असलं की ते ठेवलेलं असतंच. पाहुण्यांचे कप ठेवलेले, लग्नातलं लुगडं ठेवलेलं. कुणीतरी आणून ठेवलेली, असाही त्याचा अर्थ होतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

शेवटची तीन वर्षं आबांची वाचा गेली होती. अर्धांगवायूनं डावी बाजू राहिली, उजवा हात तेवढा हलायचा. एकदा मी गेले होते तेव्हा ते त्या हातानं सारखे मागच्या खोलीकडं दाखवत होते. मी पाणी दिलं, अंथरूण बदललं, पोट दाबून पाहिलं, दुखतंय का विचारलं. मी तपासण्या करणारी बाई. मला दुखणंच सुचलं. ते चिडले आणि भिंतीकडं तोंड करून पडले. बळद त्याच मागच्या खोलीत. तिथं जाऊन बघावं, हे मला सुचलं नाही. ते आजही माझ्या जिवाला लागून आहे.

तर मी पोचले तेव्हा देग आणि मोठं पातेलं बाकीच्या मोडीबरोबर टेम्पोतून धाराशिवला भांडेवाल्याकडं गेलेलं होतं. लहान पातेलं, लोटा आणि पानदान तेवढं बळदाच्या तळाशी मातीखाली राहिलं म्हणून वाचलं. मी लोटा पदरानं पुसला. मानेखाली ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली अक्षरं होती. आपल्या भांड्यांवर नाव घालतात तशीच, पण मराठी नव्हती.

"उर्दू हाय ते," दादा म्हणाला. "निजामाच्या राज्यात समदं उर्दूतच चालायचं. आपल्याच आज्याचं नाव असंल."

"आपल्यात तांब्याच्या पातेल्यात कुणी शिजवतं का? आपलं सगळं पितळ. आणि तोटीचा लोटा? पानदान? आपल्या घरात पान खाणारे चंचीतून खायचे."

"मंग आणलं असंल कुठनं तरी. तुला घिऊन जायचं तर जा."

मी ती तीन भांडी पिशवीत घातली आणि उमरग्याला आणली. आमच्या धंद्यात एक शिस्त असते. ज्या बाटलीवर नाव नाही ती तपासायची नाही. आधी ती कुणाची ते शोधायचं. त्या शिस्तीची मला इतकी सवय झाली आहे की मला त्या रात्री वेगळं काही ठरवावंच लागलं नाही.

माझ्याकडं दर महिन्याला साखर तपासायला एक निवृत्त उर्दूचे मास्तर येतात. पुढच्या खेपेला मी लोटा टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा वर करून, लोटा डोळ्याजवळ नेऊन वाचलं आणि माझ्याकडं बघितलं.

"बाईसाहेब, हे बाईमाणसाचं नाव आहे. आमच्यात मुलीला जहेजमध्ये, म्हणजे आंदणात, भांडी देतात, त्यावर तिचं नाव घालतात. खाली तिच्या वडिलांचं नाव आहे." त्यांनी लोटा खाली ठेवला. "तुमच्या घरी ही कशी?"

"तेच मला शोधायचंय," मी म्हणाले.

त्यांनी पानदान बघितलं, पातेलं बघितलं. तिन्हींवर तेच नाव. ते नाव मी इथं लिहीत नाही. ज्यांचं आहे त्यांच्या घरात ते आता सुखरूप आहे.

मास्तर गेल्यावर मी दादाला फोन लावला.

"देग कुठल्या भांडेवाल्याला दिली?"

"आता काय करायचंय? गेली ती."

"दादा, ती आपली नव्हती. दुकान सांग."

 मग त्याच्या मनातलं बाहेर आलं. "हे बघ, उगं जुनं उकरून काढू नगंस. ते लोक कोण, कुठले, म्हाइत न्हाय. उद्या येत्याल आन म्हणत्याल, भांडी दिली तशी जागाबी द्या."

"दुकान सांग," मी पुन्हा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. धाराशिवच्या त्या दुकानदारानं मला आधी नवीन स्टीलचे डबे दाखवले. मला मोडीतली भांडी परत हवीत म्हटल्यावर तो हसला. "बाई, लोक मोड आणून देतात. परत न्यायला आलेल्या तुम्ही पहिल्याच." पण माणूस भला होता. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यानं मला जाऊ दिलं. तिथं घंगाळी, समया, हंडे, फुटके बंब, सगळ्यांचा एकच ढीग होता. मी पदर खोचला आणि एकेक बाजूला करत गेले. तास दीड तास गेला असेल. देग सगळ्यांत खाली पालथी होती. काठाखाली तेच ठिपके. पातेलं मात्र सापडलं नाही. दुकानदाराच्या माणसानं सांगितलं, चपटं करून आदल्याच दिवशी गाडीत गेलं.

देग एवढी मोठी की एस.टी.त वर टाकता येईना. मी ती शेजारच्या सीटवर ठेवली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, हिचं तिकीट काढा." मी म्हणाले, "काढा की. पण मग हिला कुणी उठवायचं नाही." त्यानं तिकीट काही फाडलं नाही. उमरग्यात उतरताना दोन ट्रक ड्रायव्हरांनी ती उचलून माझ्या रिक्षात घातली. घरी आमचे हे म्हणाले, "आता हिच्यात शिजवणार किती जणांचं?"

आता प्रश्न होता, विचारायचं कुणाला. आबांच्या पिढीतलं एकच माणूस उरलं होतं, आमची आत्या. तामलवाडीला दिलेली, ऐंशीच्या पुढची, कानानं अजून तिखट. तुळजापूरला गाडी बदलून मी तिच्याकडं गेले. लोटा बरोबर नेला होता. तो बघितल्यावर तिनं हातातली शेंगांची पाटी खाली ठेवली.

"पिंजाऱ्यांचा हाय हा," ती म्हणाली.

आमच्या परसाच्या भिंतीपलीकडं पिंजाऱ्याचं घर होतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. नवरा, बायको, एक लहान मुलगी. पिंजारी म्हणजे कापूस पिंजून गाद्या भरणारे. सरकी काढलेल्या कापसावर धनुकली चालवताना होणारा टणत्कार आमच्या घरात दिवसभर ऐकू यायचा, असं आत्या म्हणाली. आज तिथं समाजमंदिर आहे.

"पोलीस ॲक्शन झाली तवा गेले ते," ती म्हणाली.

निजामाचं राज्य जायच्या आधी रझाकारांनी आमच्या भागात काय केलं, ते आम्ही शाळेत शिकलो, घराघरांत ऐकलं. राज्य गेल्यावर त्याचा सूड ज्यांनी कुणाचं काही केलं नव्हतं अशा गरीब घरांवरही निघाला, ते मात्र शाळेत नव्हतं आणि घरातही कुणी बोलत नव्हतं. आत्यानंही थोडक्यात आवरलं.

"माज्या बानं त्येंला घरात घितलं. भांडी ठिवून घितली. मंग गाडी जुपून हद्दीपातूर सोडून आला. लई धाडस केलं त्येनं." तिनं पाटी पुन्हा मांडीवर घेतली. "कल्याणीला गेले म्हून ऐकलं व्हतं. आता र्‍हाऊ दे ते. गेलं त्ये गेलं."

मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. परतीच्या गाडीत मी आजोबांचा विचार करत आले. त्यांना मी पाहिलेलं नाही. भिंतीवरच्या फोटोतला फेट्याचा माणूस मला त्या दिवशी मोठा वाटायला लागला.

कल्याणी म्हणजे बसवकल्याण. उमरग्याहून तासा-दीड तासाची वाट, फक्त मधे राज्य बदलतं. पहिल्या खेपेला मी एकटीच गेले आणि गाद्यांची दुकानं हिंडले. मोडक्या हिंदीत, मोडक्या कानडीत विचारत होते, पूर्वी उस्मानाबाद बाजूनं आलेलं कुणी आहे का. लोक नम्रपणे नाही म्हणायचे. एका म्हाताऱ्यानं तर विचारलं, "कागदाचं काही काम आहे का बाई? कुणाची चौकशी लागली?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की एक अनोळखी बाई हातात वही घेऊन, तुम्ही मूळचे कुठले असं विचारत फिरते आहे. मीही खरं सांगितलं नसतं.

दुसऱ्या खेपेला वही घरी ठेवली. लोटा घेतला आणि मास्तरांना बरोबर येण्याची विनंती केली. ते लगेच तयार झाले. किल्ल्याच्या बाजूच्या एका गल्लीत तिसऱ्या दुकानात पन्नाशीचा एक माणूस सुई-दोऱ्यानं गादीला टाके घालत बसला होता. मास्तरांनी सलाम केला आणि काही न बोलता लोटा पुढं केला. त्यानं तो हातात फिरवला. वाचलं. सुई गादीतच खोचली.

"ये मेरी नानी का नाम है," तो म्हणाला.

त्यानं आम्हाला दुकानामागच्या घरात नेलं. त्याची आई खाटेवर बसली होती. लहानखुरी, पांढरेशुभ्र केस, डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. मी कोण, कुठून आले, ते मुलानं तिच्या कानाशी वाकून सांगितलं. गावाचं नाव ऐकताच तिनं हातानं मला जवळ बोलावलं.

"भिंत है क्या अबी?" तिनं विचारलं. ती दखनी बोलत होती, पण मधेच हा मराठी शब्द आला.

"आहे," मी म्हणाले. "घर पडलं, भिंत आहे."

मग तिनं सांगितलं. ती तेव्हा पाच वर्षांची. वडील त्या आठवड्यात बाजाराला गेले ते परत आलेच नाहीत. एके दिवशी दुपारीच गावात ओरडा झाला. आईनं तिला काखोटीला मारलं आणि शेजारचं दार वाजवलं.

"कुणाचं?" मला कळत होतं, तरी मी विचारलं.

"तुम्हारा." ती सहज म्हणाली. "बहोत ठोके अम्मा. अंदर लोगाँ थे, आवाज आता था. दरवाजा नै खुला."

मी मास्तरांकडं बघितलं. ते खाली बघत होते.

"फिर पीछे आए. तो दीवार पे से दो हात आए. चूड़ियाँवाले. तुम्हारी दादी के हात. बोली, जो है सो देव. अम्मा एक एक बर्तन दी, वो एक एक ली. आखिर में उसके तरफ से एक गठरी आई. भाकर थी, गूळ था. बोली, ज्वारी के खेत में से जाव, रस्ते से नक्को. हम पैदल आए, कित्ते दिन, मेरेकू याद नै."

"बैलगाडी?" मी विचारलं.

"गाडी कहाँ की? पैदल."

 आत्यानं सांगितलेलं तोंडात आलं होतं. आमच्या आजोबांनी तुम्हाला घरात घेतलं, धाडस केलं. ते मी गिळलं. ज्या बाईच्या पायांना ते अंतर माहीत आहे तिला मी कोणत्या तोंडानं गाडी सांगणार होते?

तिच्या आईनं पुढं आयुष्यभर गाद्या भरल्या, मुलीला वाढवलं, लग्न केलं. भांडी आणायला कधी कुणाला पाठवलं नाही. "मैं पूछी तो बोलती थी, रहने दे. वहाँ संभालनेवाली है." मग तिनं मला विचारलं, "दादी का नाम क्या था? अम्माकू बी नै मालूम था. हम 'पडोसन' बोलते थे."

 आजी माझ्या जन्माआधी गेलेली. आमच्या घरातल्या एकूण एक भांड्यावर आजोबांचं नाव, मग आबांचं, मग दादाचं. आबा तिला आई म्हणायचे, गाव तिला पाटलाच्या वस्तीवरची म्हणायचं. चोपन्न वर्षांची झाले, दुसऱ्यांच्या रक्तातलं काय काय शोधून काढलं, आणि माझ्या आजीचं नाव मला माहीत नव्हतं.

"शोधून सांगते," मी म्हणाले. "आणि भांडी आणून देते. पण पाचातली चारच आणता येतील. एक पातेलं आमच्या घरानं मोडीत घातलं. ती चूक आमची आहे."

तिनं नुसती मान हलवली. रागावली की नाही, मला समजलं नाही.

मी परत तामलवाडीला गेले. या वेळी मनात राग धरूनच गेले होते, लपवत नाही. आत्या ओट्यावर ऊन खात बसली होती.

"आत्या, आजीचं नाव काय होतं?"

तिनं लगेच सांगितलं. माहेरचंही आणि सासरचंही. कुणी विचारलंच नव्हतं, म्हणाली.

"आणि आत्या, दार उघडलं नव्हतं ना?"

 समोर रस्त्यावरून सोलापूरकडं गाड्या जात होत्या. मी उठले नाही. दुसरं काही विचारलंही नाही. ती बोलेपर्यंत तिथंच बसायचं, असं मी ठरवलं होतं. संध्याकाळची गाडी चुकली तर मुक्काम करायचा. तिच्या सुनेनं चहा आणला, तो निवून गेला.

"कडीवर माजाच हात व्हता," शेवटी ती म्हणाली. "बा म्हनला, कडी धर, हलू दिऊ नगंस. म्या सात वर्साची. दोन्ही हातानं धरली. ती बाहीरनं माज्या आईचं नाव घिऊन हाका मारत व्हती... न्हाय, नाव न्हाय. 'भाभी, भाभी' म्हनत व्हती. आई उठली तर बानं तिला ढकलली. मंग आई पानी आनाया म्हून मागल्या दारानं परसात गेली. तुजा बा तिच्या मागं गेला. त्येनंच भांडी बळदात उतरवली."

"मग बैलगाडी?"

"बा म्हातारपनी तसं सांगायचा. गावात समद्यांला सांगायचा. आमी ऐकून घ्यायचो. ऐकून ऐकून मला बी तसंच वाटाया लागलं." तिनं पदर तोंडाला लावला. "आईनं माज्या बाशी पुन्हा कल्याणीचा विषय काढला न्हाय. पर कल्हई दर साली करायची. ती गेल्यावर तुज्या बानं केली."

मी तिच्याजवळ सरकून बसले. तामलवाडीला येताना मनात जे होतं ते उरलं नव्हतं. सात वर्षांच्या पोरीवर काय रागावणार? आणि आजोबांचं म्हणाल तर, बाहेर काय चाललं होतं आणि त्यांच्या मनात किती भीती होती, ते मी तिथं नव्हते. पण दार उघडलं नाही ते नाहीच, आणि गाडी जुंपली नाही ती नाहीच. ते मी जसं घडलं तसंच लिहिणार, हे मी आत्याला त्याच दिवशी सांगितलं.

"लिव्ह," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "मला कल्याणीला नेशील का गं?"

दादाला मी सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. जागेचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. एवढंच म्हणाला, "आबा हात करत व्हते, ते ह्यासाठी?" मी हो म्हणाले. त्यानं मुलाच्या सोयरिकीसाठी ठरवलेली गाडी एक दिवस आधीच बोलावली. आम्ही तामलवाडीहून आत्याला घेतलं, उमरग्यातून चार भांडी घेतली आणि कल्याणीला गेलो. निघण्याआधी मास्तरांनी आणि मी बसून सगळी हकिगत दोन कागदांवर लिहिली होती. माझी मराठीत, त्यांची उर्दूत. आजीचं नाव दोन्हींत घातलं. नक्कल काढून एक जोडी पानदानात ठेवली, एक माझ्याकडं.

भांडी खाटेवर मांडली तेव्हा म्हातारीनं एकेकावरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नाही. तिच्या नातीनं मोठ्यानं नाव वाचलं, चारदा, दर भांड्यावरचं एकदा. मग मी आजीचं नाव सांगितलं. तिनं ते तोंडातल्या तोंडात दोन-तीनदा म्हणून पाहिलं. लोटा उचलून तिनं माझ्या मांडीवर ठेवला. "ये तुम रखो. नक्को मत बोलो." मी नाही म्हटलं नाही. तो आता माझ्या घरी आहे, त्यात ते दोन कागद आहेत, आणि माझ्या मागं तो कुणी सांभाळायचा ते माझ्या लेकीला सांगून झालं आहे.

आत्या एवढा वेळ दाराजवळच्या खुर्चीत बसून होती. ती उठली, दादाचा हात धरून खाटेपर्यंत आली आणि उभ्यानंच म्हणाली, "कडी म्या धरली व्हती."

मुलानं आईला समजावून सांगायला तोंड उघडलं, पण म्हातारीला मराठी समजत होतं.

"कित्ते बरस के थे तुम?"

"सात."

"मैं पाच की," म्हातारी म्हणाली. "बैठो." आत्या खाटेच्या कडेला टेकली. म्हातारी पुढं म्हणाली. "तुम्हारे बावा को मैं माफ नै करी. नै होता मेरेसे. तुमकू क्या बोलूँ? अपन दोनों बच्चियाँ थे."

आत्या रडली. म्हातारी रडली नाही. तिनं सुनेला चहा सांगितला आणि आत्याला विचारलं, गुडघे दुखतात का. आत्या म्हणाली, गुडघ्याचं काही नाही, पाठ धरते. लेकानं फोमची गादी आणली आहे, तिच्यावर अंग रुततं, झोप नाही. म्हातारीनं तोंड वाकडं केलं. फोम म्हणजे काय गादी झाली? मग दोघी गाद्यांवर बोलत बसल्या. कापूस किती लागतो, टाके किती अंतरावर, वर्षातून कितीदा उन्हात टाकायची. मधे चहा झाला, केळी झाली. दादा आणि तो मुलगा दारात उभे राहून सोयाबीनचं आणि पावसाचं बोलत होते. निघताना म्हातारी दादाला म्हणाली, "कपास भेजो. मैं भरवा के देती."

त्या वर्षी दादानं बांधाच्या कडेला चार ओळी कापूस लावला. वेचणी झाल्यावर दोन पोती घेऊन तो एकटाच कल्याणीला गेला आणि गादी छपरावर बांधून तामलवाडीला पोचती केली. आत्याला ती पहिले आठ दिवस उंच वाटली. आता तिच्यावर दुसऱ्या कुणाला बसू देत नाही.